परदेशातील संशोधक आणि कर-निवासाचे तीन हिशेब



आपल्या व्यापारी घरांतील चित्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच पालटले आहे. पूर्वी मुलगा पदवीधर झाला की पेढीवर बसे आणि मुलीचे शिक्षण विवाहापाशी थांबे. आज त्याच घरांतील मुली-मुले रसायनशास्त्रात वा जीवशास्त्रात पीएच.डी. मिळवून अमेरिकेतील विद्यापीठांत पोस्ट-डॉक्टरल संशोधक म्हणून रुजू होतात. घराला याचा सार्थ अभिमान वाटतो. तथापि विमानतळावरून परतल्यावर वडिलांच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तो व्यवहाराचा असतो : मुलीला कर तिकडे भरावा लागणार की इकडे?

या प्रश्नाचे उत्तर पासपोर्टवरून मिळत नाही आणि केवळ व्हिसावरूनही मिळत नाही. ते 'निवास' या संज्ञेवर अवलंबून असते. येथे अडचण अशी की, निवासाची व्याख्या प्रत्येक कायदा आपापल्या हेतूने करतो. परदेशी गेलेल्या आपल्या संशोधकाला एकाच वेळी तीन कायद्यांचा हिशेब ठेवावा लागतो : भारताचा आयकर कायदा, भारताचाच परकीय चलन व्यवस्थापन कायदा म्हणजे 'फेमा', आणि यजमान देशाचा करकायदा. प्रस्तुत लेखात आपण अमेरिकेचे उदाहरण घेऊ.

एक उदाहरण

समजा, पुण्यात पीएच.डी. पूर्ण केलेली एक कन्या २० ऑक्टोबर २०२३ रोजी 'जे-१' या व्हिसावर संशोधक म्हणून अमेरिकेतील एका विद्यापीठात रुजू झाली. वार्षिक वेतन ६०,००० डॉलर. घरी वडील व काका यांची भागीदारी पेढी असून तिच्या नावे काही मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि आईसह संयुक्त बचत खाते आहे. अशी मांडणी आपल्या कितीतरी घरांत असेल.

त्या एका दिवशी, २० ऑक्टोबरला, या कन्येचा निवास कोठे होता? फेमानुसार ती त्याच दिवशी अनिवासी झाली, कारण ती नोकरीसाठी देशाबाहेर गेली. भारतीय आयकर कायद्यानुसार ती २०२३-२४ या संपूर्ण आर्थिक वर्षासाठी निवासीच राहिली. अमेरिकेच्या करकायद्यानुसार ती तेथे अनिवासी होती. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एका कायद्याचे उत्तर दुसऱ्या कायद्याला लावल्याने.

भारतातील दिवस

आपल्या आयकर कायद्यात निवास दिवसांवर ठरतो. आर्थिक वर्षात १८२ वा त्याहून अधिक दिवस भारतात असणारी व्यक्ती निवासी होय. दुसरी कसोटी अशी की, त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात वास्तव्य असेल, तरीही ती व्यक्ती निवासी ठरते. मात्र नोकरीसाठी देशाबाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकास त्या वर्षापुरती ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे. केवळ शिक्षणासाठी जाणाऱ्यास ही मुभा सरळ लागू होईलच असे नाही. म्हणून नेमणूकपत्र वेतनाचे आहे की शिष्यवृत्तीचे, हे आधी पाहावे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ याने घेतली आहे. पण दिवस मोजण्याची ही रीत मूलतः तीच आहे.

आता दिवस मोजू. १ एप्रिलपासून २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात; २९ सप्टेंबर हा १८२ वा दिवस. प्रस्थानाचा दिवस भारतातील धरला, तर २८ सप्टेंबरपर्यंत गेलेली व्यक्ती अनिवासी आणि त्यानंतर गेलेली निवासी. आपल्या उदाहरणातील कन्या २० ऑक्टोबरला निघाली, म्हणजे तिचे २०३ दिवस भरले.

याचा परिणाम काय होतो? सर्वसाधारण निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते. त्यामुळे २० ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातील तिचे अमेरिकेतील वेतन, सुमारे २७,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने २२ लाख रुपयांच्या आसपास, तिच्या भारतीय विवरणपत्रात येते. दुसरे काहीही उत्पन्न नाही असे धरले, तरी नव्या करप्रणालीनुसार त्यावर साडेतीन लाख रुपयांच्या आसपास कर होतो. ती बावीस दिवस आधी गेली असती, तर हे वेतन भारताच्या करकक्षेतच आले नसते. रुजू होण्याची तारीख नेहमीच आपल्या हाती नसते. पण विद्यापीठ सप्टेंबर की ऑक्टोबर असा पर्याय देत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब अवश्य मांडावा. विमान चुकण्याची शक्यता गृहीत धरून आठवडाभराची सवडही ठेवावी.

त्या वर्षी ती निवासी असल्याने अमेरिकेत उघडलेले बँक खातेही भारतीय विवरणपत्रातील परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. खात्यात रक्कम किरकोळ आहे म्हणून तो रकाना कोरा सोडू नये.

पुढील वर्षांत ती सुट्टीला घरी येईल. अशा भेटीसाठी मर्यादा १८२ दिवसांची आहे. मात्र भारतातील करपात्र उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असल्यास ती १२० दिवसांवर येते. महिना-दीड महिन्याच्या भेटीने काही बिघडत नाही.

अमेरिकेतील दिवस

अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. तेथेही दिवस मोजतात. पण रीत निराळी. चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, गतवर्षाच्या दिवसांचा एक-तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक-षष्ठांश यांची बेरीज १८३ वा अधिक झाली, तर व्यक्ती करापुरती निवासी ठरते.

काही व्हिसाधारकांचे दिवस मात्र या मोजणीत धरले जात नाहीत. 'एफ-१' वा 'जे-१' विद्यार्थ्याला ही सूट साधारणपणे पाच कॅलेंडर वर्षे मिळते. 'जे-१' संशोधकाला ती मागील सहा वर्षांतील दोन वर्षांपुरती मिळते. यातील मेख अशी की, वर्षातील एक दिवसही पूर्ण वर्ष म्हणून मोजला जातो. आपल्या उदाहरणात २०२३ मधील अवघे अडीच महिने हे एक वर्ष झाले आणि २०२४ हे दुसरे. १ जानेवारी २०२५ पासून तिचे दिवस मोजले जाऊ लागले आणि ती त्या वर्षासाठी अमेरिकेची कर-निवासी झाली. जिने पूर्वी तेथेच विद्यार्थिनी म्हणून काही वर्षे काढली असतील, तिची ती वर्षेही या हिशेबात येतात. 'एच-१बी' व्हिसावर तर ही सूट नाहीच. पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते.

निवासी झाल्याने तीन गोष्टी बदलतात. एक, विवरणपत्राचा नमुना '१०४०-एनआर' ऐवजी '१०४०' होतो आणि प्रमाणित वजावट मिळू लागते. अविवाहित व्यक्तीस २०२५ साठी ती १५,७५० डॉलर आहे. दोन, सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांची मिळून ७.६५ टक्के कपात वेतनातून सुरू होते. अनिवासी 'जे-१' संशोधकास ही कपात लागू नसते. चुकून झाली असेल, तर प्रथम विद्यापीठाच्या वेतन विभागाकडून परत मागावी. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने अशी कपात झालेली रक्कम अल्प काळ राहून परतणाऱ्याच्या सहसा उपयोगी पडत नाही. तीन, आणि आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, तिचे भारतातील उत्पन्नही अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. त्याकडे पुढे येऊ.

दोन वर्षांची सवलत : मोह आणि मर्यादा

भारत व अमेरिका यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी झाला आणि १८ डिसेंबर १९९० पासून अमलात आला. त्याचे कलम २२ अध्यापक व संशोधकांसाठी आहे. येण्यापूर्वी जो भारताचा निवासी होता आणि जो दोन वर्षांहून अधिक नसलेल्या काळासाठी विद्यापीठात वा मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थेत अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठी आला आहे, त्याच्या त्या कामाच्या मोबदल्यावर अमेरिका कर आकारत नाही. संशोधन प्रामुख्याने कोणाच्या खाजगी लाभासाठी नसावे, अशीही अट आहे. विद्यापीठाला '८२३३' हा फॉर्म भरून दिला की वेतनातून केंद्रीय कराची कपात थांबते.

हाती येणारी रक्कम वाढते, म्हणून हा फॉर्म बहुतेक जण उत्साहाने भरतात. परंतु या कलमाची धार दोन वर्षे उलटल्यावर कळते. वास्तव्य दोन वर्षांपेक्षा अधिक झाले, तर सवलत केवळ पुढच्या काळापुरती संपत नाही. दोन्ही देशांच्या सक्षम अधिकाऱ्यांनी निराळे ठरविले नसेल, तर ती संपूर्ण वास्तव्यासाठी रद्द होते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा कर व्याजासह द्यावा लागतो.

आकड्यांत पाहू. ६०,००० डॉलर वेतनावर, प्रमाणित वजावट न मिळणाऱ्या अविवाहित अनिवासी व्यक्तीचा २०२४ चा केंद्रीय कर सुमारे ८,२५० डॉलर होतो. दोन वर्षांचा मिळून कर त्याच्या दुपटीच्या घरात जातो, आणि रुपयांत तो बारा लाखांच्या वर भरतो. प्राध्यापकांनी प्रेमाने तिसऱ्या वर्षाची मुदतवाढ दिली, की आनंदाच्या त्या पत्राबरोबर ही देणीही येतात. पोस्ट-डॉक्टरल नेमणुका दोन वर्षांपुढे वाढणे ही तर नित्याची बाब आहे.

मग करावे काय? व्यापारातील जुनी शिस्त येथे उपयोगी पडते : जी रक्कम निश्चित आपली नाही, ती खर्चायची नाही. नेमणूक दोन वर्षांपुढे वाढण्याची शक्यता दिसत असेल, तर सवलत आरंभी मागूच नये. कर कापू द्यावा. दोन वर्षांच्या आत परतणे झाले, तर सुधारित विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. त्यासाठी मूळ विवरणपत्रापासून साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. सवलत घेतलीच, तर वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दोन वर्षे पूर्ण होऊन मायदेशी परतेपर्यंत तिला हात लावू नये. पहिल्या वर्षी भारतातही निवासी असणाऱ्यांनी याचा भारतीय विवरणपत्रावर होणारा परिणाम दोन्हीकडच्या सल्लागारांना विचारूनच निर्णय घ्यावा. अमेरिकेत करमुक्त झालेले वेतन त्याच वर्षी भारतात करपात्र असू शकते, हे आपण वर पाहिलेच.

आणखी एक सूचना. हा करार केंद्र सरकारचा आहे. अमेरिकेतील राज्ये आपला आयकर स्वतंत्रपणे घेतात आणि सर्वच राज्ये ही सवलत मानत नाहीत. कॅलिफोर्निया मानत नाही.

घरच्या वह्यांतील तिचे नाव

बँकेतील सेवाकाळात मी वारंवार पाहिले की, मुले परदेशी जातात, पण खाती जशीच्या तशी राहतात. मुलीचे नाव संयुक्त खात्यात, ठेवींत, क्वचित पेढीच्या चालू खात्यावर सही करणाऱ्यांतही असते. घरात विश्वास असतो, म्हणून कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र मुलगी अमेरिकेची कर-निवासी झाली की या प्रत्येक नावाला अर्थ प्राप्त होतो.

अमेरिकेच्या कर-निवासी व्यक्तीच्या परदेशांतील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कोणत्याही एका दिवशी १०,००० डॉलरहून अधिक झाली, तर 'एफबीएआर' नावाचे स्वतंत्र माहितीपत्रक भरावे लागते. त्यात संयुक्त खाते येते आणि तेही पूर्ण शिलकीसह. ज्या खात्यावर केवळ सहीचा अधिकार आहे, ते खातेही येते. पेढीच्या चालू खात्यात एखाद्या दिवशी दहा-बारा लाख असणे ही साधी गोष्ट आहे. तेवढ्याने मर्यादा ओलांडली जाते. या माहितीपत्रकावर कर नाही, पण ते न भरल्यास दंड मोठा आहे. अनवधानाने राहिले, तरी एका वर्षाच्या माहितीपत्रकामागे १०,००० डॉलर आणि त्यावर महागाईनुसार वाढ, इथपर्यंत दंड होऊ शकतो.

ही माहिती लपून राहील असेही समजू नये. ९ जुलै २०१५ रोजी झालेल्या 'फॅटका' करारानुसार भारतीय बँका अमेरिकेच्या कर-निवासी ग्राहकांच्या खात्यांचा तपशील कळवितात.

पेढीत ती भागीदार असेल, तर नफ्यातील तिचा वाटा भारतात तिच्या हाती करमुक्त असतो, कारण पेढीने कर भरलेला असतो. अमेरिका मात्र भागीदारीचे उत्पन्न भागीदाराचे मानते. अनिवासी खात्यातील 'एनआरई' ठेवींचे व्याज भारतात करमुक्त आहे, तिकडे करपात्र आहे. आपल्या म्युच्युअल फंडांना तेथे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्यांचे नियम लागू होतात आणि ते त्रासदायक आहेत. हिंदू अविभक्त कुटुंब, ज्याचा लाभ जैन कुटुंबेही घेतात, ही संकल्पना तर अमेरिकी कायद्यात नाहीच. त्यामुळे तिचा हिस्सा कसा दाखवायचा, हे जाणकाराकडूनच ठरवून घ्यावे लागते.

तेव्हा ती 'जे-१' वर गेल्यापासून निवासी होईपर्यंतचा काळ, आपल्या उदाहरणात सव्वा वर्षाहून थोडा कमी, हा घरच्या वह्या नीट करण्याचा काळ होय. पेढीच्या खात्यावरील तिचा सहीचा अधिकार काढावा. जेथे नाव केवळ सोयीसाठी आहे, तेथून ते कमी करावे. स्वतःचे बचत खाते फेमानुसार 'एनआरओ' करून घ्यावे. हे तर निघाल्यानंतर लगेचच करावयाचे काम आहे. भागीदारी व फंड ठेवायचे की नाही, हा निर्णय १ जानेवारीपूर्वी घ्यावा. मात्र नाव काढणे म्हणजे हक्क काढणे असे मुलीला वाटता कामा नये. तिचा वाटा काय आहे, हे तिच्याशी बोलून लेखी नोंदवून ठेवावे. कराच्या निमित्ताने कन्येचे नाव पेढीतून गेले आणि पुन्हा आलेच नाही, असे आपल्या घरांत घडू नये.

विवरणपत्रांचे वेळापत्रक

अमेरिकेत वेतनाचा दाखला 'डब्ल्यू-२' जानेवारीअखेर, आणि करारानुसार सवलत मिळालेल्या वेतनाचा '१०४२-एस' १५ मार्चपर्यंत मिळतो. विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल. दिवसांची सूट घेणाऱ्या अनिवासी संशोधकाने सोबत '८८४३' हा फॉर्म जोडावा. उत्पन्न मुळीच नसेल, तरी तो फॉर्म १५ जूनपर्यंत पाठवावा. पती वा मुले 'जे-२' व्हिसावर सोबत असतील, तर प्रत्येकाचा फॉर्म स्वतंत्र. सर्व वेतन करारामुळे करमुक्त असले, तरी विवरणपत्र भरावेच लागते.

तिकडे लोकप्रिय असलेल्या संगणक-प्रणाली बहुधा निवासी व्यक्तींसाठी असतात. त्या वापरून अनिवासी संशोधक नकळत चुकीचा नमुना भरतात आणि न मिळणारी वजावट घेऊन बसतात. अनेक विद्यापीठे अनिवासींसाठी वेगळी प्रणाली विनामूल्य देतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी व संशोधक कार्यालयात प्रथम तिची चौकशी करावी.

अन्य देशांचे नियम निराळे आहेत. ब्रिटनचे करवर्ष तर ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे चालते. परंतु विचाराची रीत तीच : तेथील वर्ष कोणते, दिवस कसे मोजतात, भारताशी झालेल्या करारात संशोधकांसाठी कोणते कलम आहे आणि त्याची मुदत ओलांडल्यास काय होते, हे चार प्रश्न निघण्यापूर्वी विचारावेत.

यासाठी लागणारे साधन फार साधे आहे. एक वही घ्यावी आणि देश सोडल्याची व देशात आल्याची प्रत्येक तारीख तीत लिहावी. सोबत पासपोर्टवरील शिक्क्यांच्या, विमानाच्या तिकिटांच्या, नेमणूकपत्राच्या आणि 'डीएस-२०१९' या पत्राच्या प्रती ठेवाव्यात. रोजमेळ ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला, त्या घराला हे काम अवघड नाही. ही वही आणि घरच्या खात्यांची यादी घेऊन येथील सी.ए. आणि तेथील करसल्लागार अशा दोघांचाही सल्ला घ्यावा. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असल्याने हा लेख त्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही सल्लागारांचे उत्तर जुळते का, हे मात्र घरातीलच कोणीतरी पाहावयास हवे, आणि ते काम संशोधनात गढलेल्या मुलीपेक्षा वडिलांनी आपल्याकडे घेतलेले बरे.